लायका एम्-थ्री : यंत्र, दृष्टि आणि दंतकथा

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत एका कॅमेऱ्याचें परीक्षण यावें, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. पुस्तकाचें परीक्षण होतें, नाटकाचें होतें, फार तर एखाद्या चित्रप्रदर्शनाचें होतें. पण यंत्राचें परीक्षण म्हटलें म्हणजे तें दुकानदाराच्या सूचिपत्रांत शोभावें, असा आपला समज असतो. परंतु ग्रंथांचे गुणदोष सांगितले कीं टीकेचें काम संपलें, असें नाहीं. ज्या ज्या गोष्टींनीं माणसाची जगाकडे पाहण्याची रीत घडविली, त्या त्या गोष्टींचा विचार टीकेच्या कक्षेंत येतो. छापखान्याच्या खिळ्यांनीं वाङ्मयाला जसें वळण लावलें, तसेंच हातांत मावणाऱ्या कॅमेऱ्यानें विसाव्या शतकाच्या दृष्टीला लावलें. त्या कॅमेऱ्यांत सर्वांत नांवाजलेला म्हणजे जर्मनींतील वेट्झलार येथील लाइट्स कंपनीचा लायका एम्-थ्री. १९५४ सालीं तो बाजारांत आला, १९६६ सालीं त्याचें उत्पादन थांबलें आणि तेवढ्या अवधींत त्याचे सव्वादोन लाखांच्या आसपास नग तयार झाले. आज त्याच्या जन्माला सत्तर वर्षें उलटून गेलीं आहेत, तरी त्याच्या नांवाचा दबदबा ओसरलेला नाहीं. उलट तो वाढतच चालला आहे.

हा दबदबा कितपत सार्थ आहे, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. या कॅमेऱ्याविषयीं जें लिहिलें जातें तें बहुधा दोन प्रकारचें असतें. एक बाजारभावाचें, ज्यांत क्रमांक, वर्ष आणि किंमत यांपलीकडे कांहीं नसतें. आणि दुसरें स्तोत्राचें, ज्यांत पितळ आणि कांच यांना देवपण दिलेलें असतें. दोहोंतहि मुख्य प्रश्न राहून जातो. या यंत्रानें पाहणाऱ्याला काय दिलें, त्याच्यापासून काय हिरावून घेतलें, आणि जें श्रेय आपण त्याच्या पदरांत टाकतों त्यांतलें खरोखर त्याचें किती?

लाइट्स घराण्याचा मूळ धंदा सूक्ष्मदर्शक यंत्रांचा. वेट्झलार येथील भिंगांचा कारखाना कार्ल केल्नर यानें १८४९ सालीं काढला आणि १८६९ सालीं तो एर्न्स्ट लाइट्स याच्याकडे आला. १९११ सालीं तेथें नोकरीस लागलेला ऑस्कर बार्नाक हा यंत्रज्ञ दम्यानें बेजार असे. जड कॅमेरा, कांचेच्या प्लेटा आणि तिपाई पाठीवर घेऊन हिंडणें त्याला झेपण्यासारखें नव्हतें. चलच्चित्रांसाठीं वापरली जाणारी पस्तीस मिलिमीटर रुंदीची फिल्म घ्यावी, तिच्यावरील दोन चित्रांची जागा एकत्र करावी आणि तेवढ्यांत २४ बाय ३६ मिलिमीटरचें एक चित्र टिपावें, ही युक्ति त्याची. १९१३-१४ च्या सुमारास नमुना तयार झाला. मध्यें महायुद्ध आलें. अखेर दुसऱ्या एर्न्स्ट लाइट्सनें धोका पत्करावयाचें ठरविलें आणि १९२५ सालीं लायप्झिगच्या जत्रेंत लायका जगापुढें आला. 'लाइट्स' आणि 'कॅमेरा' या दोन शब्दांच्या आरंभींच्या अक्षरांतून त्याचें नांव घडलें आहे. एका आजारी माणसानें स्वतःच्या सोयीसाठीं काढलेली ही वाट पुढें साऱ्या वृत्तपत्रीय छायाचित्रणाचा राजरस्ता झाली.

या पहिल्या लायकांत अंतर अदमासानेंच ठरवावें लागे. १९३२ सालीं निघालेल्या दुसऱ्या नमुन्यांत भिंगाला जोडलेला अंतरमापक आला, ज्याला छायाचित्रकार रेंजफाइंडर म्हणतात. त्याचें तत्त्व साधें आहे. आपण दोन डोळ्यांनीं पाहतों तेव्हां प्रत्येक डोळा तीच वस्तु किंचित् निराळ्या कोनांतून पाहतो. वस्तु जितकी जवळ, तितका हा फरक मोठा. कॅमेऱ्याच्या कपाळावर एकमेकींपासून अंतर राखून दोन खिडक्या ठेवल्या आणि त्यांतून येणारीं प्रतिबिंबें एकमेकांवर पाडलीं, तर वस्तु दुहेरी दिसते. भिंगाची कडी फिरवूं लागलें कीं दुसरें प्रतिबिंब सरकूं लागतें. दोन्ही एकरूप झालीं म्हणजे भिंग बरोबर त्या अंतरावर लागलें असें समजावें. मात्र त्या जुन्या लायकांत डोळा लावण्याचीं छिद्रें दोन असत. एकांतून अंतर जुळवावयाचें, मग डोळा शेजारच्या छिद्राकडे नेऊन चित्राची चौकट ठरवावयाची. तेवढ्या अवकाशांत समोरचें मूल हसायचें थांबलेलें असे.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण स्तोत्रकार ती सहसा सांगत नाहींत. अंतर आणि चौकट हीं दोन्ही एकाच खिडकींत आणण्याचें काम लाइट्सनें प्रथम केलेलें नाहीं. प्रतिस्पर्धी झाइस इकॉन कंपनीच्या दुसऱ्या कॉन्टॅक्सनें तें १९३६ सालींच केलें होतें. लाइट्सच्या कारखान्यांतहि युद्धापूर्वींपासून त्या दिशेनें खटपट चालू होती. परंतु तिला फळ येण्यास १९५४ साल उजाडावें लागलें. म्हणजे एम्-थ्री हा कल्पनेच्या दृष्टीनें पहिला नव्हे. आधींच्यांनीं सुचविलेलें त्यानें पूर्णत्वास नेलें, हें त्याचें खरें वैशिष्ट्य. वाङ्मयाच्या इतिहासांतहि असेंच घडतें. वृत्ताचा शोध एक जण लावतो आणि तें वृत्त दुसऱ्याच्या हातीं बोलूं लागतें. पूर्णत्व हा शोधाहून हलका गुण नव्हे; पण तो निराळा गुण आहे, आणि दोहोंची गल्लत करूं नये.

तें पूर्णत्व कशांत होतें? व्हिली श्टाइन याच्या नेतृत्वाखालीं तयार झालेल्या या कॅमेऱ्याची खिडकी हें त्याचें हृदय होय. तिच्यांतून समोरचें दृश्य जवळ जवळ प्रत्यक्षाएवढें, म्हणजे सुमारें ०.९१ पट दिसतें. त्यामुळें उजवा डोळा खिडकीला लावून डावाहि उघडा ठेवतां येतो, आणि मग कॅमेरा डोळ्यांपुढून नाहींसा झाल्यासारखा वाटून केवळ एक उजळ रेषांची चौकट हवेंत तरंगत राहते. दोन खिडक्यांतील प्रत्यक्ष अंतर सुमारें ६९ मिलिमीटर आहे. दर्शनाच्या प्रमाणानें त्याला गुणिलें म्हणजे तें सुमारें ६३ मिलिमीटर भरतें. माणसाच्या दोन डोळ्यांतील सरासरी अंतरहि जवळ जवळ तेवढेंच असतें. हा योगायोग असेल. परंतु या यंत्राचा सारा स्वभाव त्यांत उतरला आहे. माणसाच्या दृष्टीशीं स्पर्धा न करतां तिच्या मापानें वागणें, हा तो स्वभाव.

बाकीच्या सुधारणा थोडक्यांत सांगतां येतील. पूर्वी भिंग पेंचासारखें फिरवीत बसावें लागे. आतां एका छोट्या वळशानें तें बसूं लागलें. भिंग बदललें कीं पन्नास, नव्वद किंवा एकशें पस्तीस मिलिमीटरची चौकट आपोआप खिडकींत उमटे. वस्तु जवळ आली तर खिडकीला दिसणारें आणि भिंगाला दिसणारें यांत जो फरक पडतो, तो भरून काढण्यासाठीं ती चौकट स्वतःच सरके. फिल्म पुढें नेण्यास गोल गुंडीऐवजीं आंगठ्यानें ओढावयाची तरफ आली. आरंभीं ती दोनदां ओढावी लागे. १९५८ च्या सुमारास एकदांच ओढणें पुरे झालें. एका सेकंदापासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतचे सर्व वेग एकाच चकतीवर आले. यांतील एकेक सुधारणा क्षुल्लक वाटेल. पण सर्व मिळून त्यांचा परिणाम असा झाला कीं, हातांना काय करावयाचें हें कांहीं दिवसांत पाठ होई आणि मन पाहण्यास मोकळें राही.

मला या कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो तो मात्र याहून निराळा आहे. त्याच्या खिडकींत चौकटीच्या बाहेरचेंहि दिसतें. आरशाच्या कॅमेऱ्यांत, ज्याला रिफ्लेक्स म्हणतात, भिंगाला जेवढें दिसतें तेवढेंच डोळ्याला दिसतें. चित्राच्या कडेला जग संपतें. शिवाय कळ दाबतांच आरसा वर उचलला जातो आणि नेमक्या त्या क्षणीं पाहणारा आंधळा होतो. त्यानें टिपलेला क्षण असा कीं जो त्यानें पाहिलेलाच नसतो. एम्-थ्रीच्या खिडकींत तसें होत नाहीं. चौकटीच्या पलीकडून सायकलवाला येत आहे हें दोन पावलें आधीं कळतें, आणि कळ दाबली जात असतांनाहि समोरचें दृश्य डोळ्यांपुढून हलत नाहीं. चित्र म्हणजे अफाट जगांतून निवडून घेतलेला एक तुकडा आहे, ही जाणीव या खिडकीनें सतत जागी ठेवली. काय घेतलें याबरोबर काय सोडलें हेंहि तिच्यांत दिसत राहतें. लेखकाला हा धडा नवा नाहीं. पण यंत्रानें तो शिकवावा, हें विशेष खरें.

आतां दोष पाहूं. पहिला दोष असा कीं, खिडकींत सर्वच स्पष्ट दिसतें. भिंगामुळें मागची भिंत किती पुसट होणार, याचा पत्ता तिच्यांत लागत नाहीं. तो अनुभवानें मनांतच ओळखावा लागतो. दुसरा असा कीं, साध्या भिंगांनीं सुमारें एक मीटरच्या आंत जातां येत नाहीं. फुलावरचें पाखरूं किंवा हातावरची मेंदी या कॅमेऱ्याच्या वाट्याची नव्हे. तिसरा याहून महत्त्वाचा. जी खिडकी पन्नास मिलिमीटरच्या भिंगाला इतकी अनुकूल, तीच विस्तृत दृश्य घेणाऱ्या पस्तीस मिलिमीटरच्या भिंगाला अपुरी पडली. त्यासाठीं भिंगावर चष्मा चढविल्यासारखी एक जोडणी करावी लागली. गर्दींत शिरून काम करणाऱ्यांस हीच दृष्टि हवी असल्यामुळें १९५७ सालीं कंपनीला एम्-टू हा निराळा नमुना काढावा लागला, आणि पुढच्या बहुतेक एम् कॅमेऱ्यांनीं खिडकीचें माप एम्-थ्रीचें न घेतां त्याचेंच घेतलें. फिल्म भरण्याची तऱ्हा तर प्रसिद्धच आहे. बूड काढून तें कोठें तरी धरावयाचें, मागची झडप उचलावयाची आणि खालून फिल्म सरकवावयाची; तीन हात असते तर हें काम सोपें झालें असतें. प्रकाश मोजण्याचें साधन अंगचें नाहीं. तें वरून बसवावें किंवा डोळ्यानें अजमावावें. हे दोष लहान नाहींत, आणि त्यांना 'शिस्त' असें गोड नांव देऊन झांकणें हें भक्तीचें लक्षण आहे, परीक्षणाचें नव्हे.

इतिहासाचा एक विरोधाभास येथें नोंदण्यासारखा आहे. ज्या १९५४ सालीं एम्-थ्रीनें अंतरमापक कॅमेऱ्याला शिखरावर नेलें, त्याच सालीं जपानच्या असाही कंपनीनें असाहीफ्लेक्सचा असा नमुना काढला कीं ज्यांतील आरसा कळ दाबल्यानंतर लगेच आपल्या जागीं परत येई. आरशाच्या कॅमेऱ्याची सर्वांत मोठी पीडा त्यानें बरीचशी दूर झाली. १९५९ सालीं निकॉन एफ् आला आणि दहा-पंधरा वर्षांत व्यवसायी छायाचित्रकारांचा मोठा वर्ग आरशाकडे वळला. लांब पल्ल्याचें भिंग, अगदीं जवळचें चित्र, दिसतें तेंच उमटेल ही खात्री, हें सारें तेथें होतें. विझण्यापूर्वी दिवा मोठा होतो, असें आपल्याकडे म्हणतात. एम्-थ्रीच्या बाबतींत तें अर्धेंच खरें ठरलें. कारण दिवा मोठा झाला खरा, पण विझला मात्र नाहीं. राज्य गेलें तरी घराणें टिकलें, आणि तें कां टिकलें हाच खरा विचार करण्याचा प्रश्न आहे.

यावर नेहमींचें उत्तर असें कीं, शतकांतलीं अजरामर छायाचित्रें या कॅमेऱ्यानें घेतलीं. हें उत्तर तपासून पाहिलें पाहिजे. लायकाचें नांव निघालें कीं आंरी कार्तिए-ब्रेसाँ याचें नांव निघतें. तो लायका वापरूं लागला १९३२ च्या सुमारास. पॅरिसमधील साँ-लझार स्थानकामागें पाण्याच्या डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचें त्याचें चित्र त्याच सालचें. १९४७ च्या अखेरीस तो हिंदुस्थानांत आला. मुंबईंत परळच्या कामगार वस्तींतील एका ज्योतिष्याच्या दुकानाचें त्याचें चित्र १९४७ चें आहे. ३० जानेवारी १९४८ या दिवशीं त्यानें दिल्लींत गांधीजींची भेट घेतली आणि त्यानंतर कांहीं वेळांतच त्यांचा खून झाला. त्या रात्रीं बिर्ला भवनाच्या फाटकावर उभे राहून ती वार्ता लोकांना सांगणारे पंडित नेहरू, आणि पुढची अंत्ययात्रा, हीं त्याचीं चित्रें जगानें पाहिलीं. ज्या पुस्तकानें त्याची कीर्ति कायम केली तें १९५२ सालीं निघालें. हें सर्व एम्-थ्रीच्या जन्माआधींचें होय. त्या चित्रांच्या वेळीं त्याच्या हातीं होते ते जुने, पेंचाच्या भिंगाचे, अडचणीचे लायका. दुसरें उदाहरण घ्यावें तर आल्बेर्तो कोर्दा यानें १९६० सालीं हवानांत घेतलेलें चे गेव्हाराचें चित्र. भिंतींवर आणि सदऱ्यांवर तें आज साऱ्या जगांत दिसतें, परंतु तें एम्-टूनें घेतलेलें आहे. नातवाच्या गळ्यांत आजोबांच्या पराक्रमाचीं पदकें आणि धाकट्या भावाचें बक्षीस अडकवावें, तसा हा प्रकार झाला आहे.

दुसरी दंतकथा संयमाची. एका फिल्मवर छत्तीस चित्रें, प्रत्येकाचा हिशोब, म्हणून हा कॅमेरा माणसाला थांबावयास शिकवतो, असें आज मोठ्या श्रद्धेनें सांगितलें जातें. मोबाइलवर दिवसांत शेंकडों चित्रें घेणाऱ्या पिढीला तें पटतेंहि. पण ज्या काळांत छायाचित्रकार एकेक कांचेची प्लेट जपून वापरीत, त्या काळाच्या मानानें छत्तीस चित्रें ही उधळपट्टीच होती, आणि छोट्या कॅमेऱ्याची खरी मोहिनी त्याच्या वेगांत होती. रॉबर्ट फ्रँक यानें १९५५-५६ मध्यें अमेरिकाभर हिंडून लायकानें सुमारें अठ्ठावीस हजार चित्रें घेतलीं आणि पुस्तकांत ठेवलीं अवघीं त्र्याऐंशीं. गॅरी विनोग्रँड हा याच एम् घराण्याच्या कॅमेऱ्यानें न्यूयॉर्कचे रस्ते टिपणारा कलावंत १९८४ सालीं वारला, तेव्हां त्याच्या मागें सुमारें अडीच हजार फिल्मा न धुतलेल्या राहिल्या होत्या. यंत्र संयम देत असतें तर त्याला तो पहिल्यानें मिळावयास हवा होता. फ्रँकचा संयम निवडीच्या मेजावर होता, कळीवर नव्हता. वही महाग असली म्हणजे लेखन नेटकें होतें असें कोणी म्हणत नाहीं. कॅमेऱ्याविषयीं मात्र आपण तें सहज मानतों.

तिसरी गोष्ट दंतकथेची नव्हे, नीतीची आहे, आणि तिच्याविषयीं फार थोडें लिहिलें गेलें आहे. या कॅमेऱ्यांत आरसा नाहीं. रबर चढविलेल्या कापडाचा पडदा आडवा सरकतो आणि त्याचा आवाज दोन हातांवरच्या माणसाला क्वचितच ऐकूं येतो. हा मूकपणा त्याचा गुण म्हणून गणला जातो. गुणच आहे तो. देवळांत, न्यायालयांत, मरणाच्या खोलींत मोठ्या आवाजाचें यंत्र असह्य होईल. परंतु ज्याचें चित्र घेतलें जातें त्याच्या बाजूनें पाहिलें तर याच गुणाला चोरपावलांचा वास येतो. कार्तिए-ब्रेसाँच्या त्या पुस्तकाचें इंग्रजी नांव निर्णायक क्षणाचें आहे. त्यांत एक उदात्त घोष आहे. मूळ फ्रेंच नांव मात्र रस्त्यावरच्या बिनपरवाना फेरीवाल्याच्या धंद्यावरून घेतलें आहे, जो एक डोळा गिऱ्हाइकावर आणि एक पोलिसावर ठेवून, चाहूल लागतांच पथारी गुंडाळावयास सज्ज असतो. मला हें दुसरें नांव अधिक प्रामाणिक वाटतें. परक्याच्या दुःखाचें किंवा दारिद्र्याचें चित्र त्याच्या नकळत नेणारा माणूस थोडासा फेरीवाला असतो आणि थोडासा चोरहि. तो तें काय म्हणून वापरतो, यावर त्याचा न्याय होईल. ज्या मूक यंत्रानें ही शक्ति त्याच्या हातीं दिली, त्याच्या स्तुतींत हा प्रश्न वगळला तर ती स्तुति अपुरी राहते.

मग वारसा कोणता? एक तर अगदीं स्थूल आणि मोजतां येण्यासारखा आहे. १९५४ सालीं ठरलेली भिंग बसविण्याची ती जोडणी आजहि चालू आहे. त्या सालचें भिंग आजच्या एम् कॅमेऱ्यावर बसतें. सत्तर वर्षें एका मापाशीं इमान राखणें ही यंत्रांच्या जगांत फार दुर्मिळ गोष्ट आहे. ही वाट निष्कंटक मात्र नव्हती. १९७१ सालीं प्रकाशमापक पोटांत घेऊन एम्-फाइव्ह आला. तो अधिक सोयीचा होता, परंतु जाडजूड झाल्यामुळें जुन्या भक्तांनीं त्याला आपलें म्हटलें नाहीं आणि १९७५ सालीं तो बंद पडला. पुढें कॅनडांतील मिडलंड येथील कारखान्यानें एम्-फोरची नवी आवृत्ति काढून वंश जगविला. १९८४ सालीं एम्-सिक्स आला. २००४ मध्यें एप्सन कंपनीनें याच जोडणीचा पहिला डिजिटल अंतरमापक कॅमेरा काढला आणि २००६ मध्यें लायकानें स्वतःचा एम्-एट. २०१२ मध्यें केवळ कृष्णधवल चित्रें घेणारा एक डिजिटल नमुना निघाला. २०१४ मध्यें प्रकाशमापकहि नसलेला, निव्वळ फिल्मचा एम्-ए. आणि २०२२ मध्यें फिल्मचा एम्-सिक्स पुन्हां कारखान्यांतून बाहेर पडूं लागला. मागें वळून पुढें जाण्याची ही रीत धंद्यांत हास्यास्पद ठरावयास हवी होती. ती ठरली नाहीं, यावरून लोकांना त्या जुन्या वस्तूंत कांहीं तरी हवें आहे हें उघड आहे.

दुसरा वारसा मात्र खेदकारक म्हटला पाहिजे. २०२२ सालीं वेट्झलारच्या लिलावांत बार्नाकच्या स्वतःच्या वापरांतील एका आरंभींच्या लायकाला १ कोटी ४४ लक्ष युरो किंमत आली. जें यंत्र दमेकरी माणसाचें ओझें हलकें करण्यासाठीं जन्मलें, तें आतां तिजोरीचें ओझें झालें आहे. एम्-थ्रीची गोष्ट एवढी टोकाची नसली तरी जात तीच. कित्येक कॅमेरे कांचेच्या कपाटांत राहतात; त्यांत फिल्म कधीं भरली जात नाहीं; त्यांच्यावर ओरखडा नाहीं हाच त्यांचा मान. कॅमेऱ्याच्या बाबतींत ओरखडा म्हणजे वापराची सही असते. न वाचलेल्या ग्रंथाचीं पानें अखंड राहिलीं म्हणून ग्रंथाचा गौरव झाला असें आपण मानीत नाहीं. आपल्या दमट पावसाळ्यांत तर कपाटांत कोंडलेल्या भिंगावर बुरशी चढते. देव्हाऱ्यांत बसविलेल्या यंत्राला निसर्गानें दिलेलें हें उत्तरच समजावें.

मला विचाराल तर खरा वारसा या दोहोंपलीकडे आहे, आणि तो घेण्यास एम्-थ्री विकत घेण्याची गरज नाहीं. आपल्या मध्यमवर्गीय घरांतून एके काळीं आग्फाचा साधा क्लिक कॅमेरा असे. लायका हें नांव पुष्कळांनीं ऐकलेलेंहि नसे. सत्यजित राय यांच्या कामाची वर्षानुवर्षें छायाचित्रें घेणारे निमाई घोष यांचा आरंभ योगायोगानें हातीं आलेल्या कॅनोनेट या साध्या, भिंग न बदलतां येणाऱ्या अंतरमापक कॅमेऱ्यानें झाला. त्यांना जें दिसलें तें त्या कॅमेऱ्याच्या किंमतींत कोठेंच नव्हतें. एम्-थ्रीनें जें तत्त्व पूर्णत्वास नेलें तें हेंच : यंत्रानें हाताचें काम हलकें करावें, पण निर्णय माणसाकडे ठेवावा. अंतर कोणतें, प्रकाश किती, क्षण कोणता, चौकटींत काय यावें आणि बाहेर काय राहावें, हे चार प्रश्न तो कॅमेरा विचारीत राही आणि स्वतः उत्तर देत नसे. आजचें यंत्र हे चारही प्रश्न आपल्यासाठीं सोडवून टाकतें. चेहरा शोधतें, अंधार उजळतें, दहा क्षण टिपून त्यांतला 'चांगला' स्वतःच निवडतें. यांत सोय मोठी आहे, आणि सोयीला नांवें ठेवणें हा वृद्धांचा जुना छंद आहे. त्यांत आपण पडूं नये. लेकराच्या पहिल्या पावलाचें चित्र चुकूं नये असें वाटणाऱ्या आईला तें यंत्र वरदानच होय.

परंतु निवड यंत्रानें केली तर चित्र कोणाचें, हा प्रश्न उरतोच. छायाचित्र सुंदर असलें म्हणजे तें कोणीं तरी पाहिलेलें असतेंच, असें आतां म्हणतां येत नाहीं. एम्-थ्रीचें मोल मला या प्रश्नाच्या संदर्भांत वाटतें. तो सर्वोत्कृष्ट कॅमेरा नव्हता. त्याच्याच धाकट्या भावानें त्याचे दोष सुधारले. तो पहिलाहि नव्हता, आणि त्याच्या नांवावर सांगितल्या जाणाऱ्या चित्रांपैकीं पुष्कळशीं त्याचीं नाहींत. त्याच्या मूकपणाचा गैरवापर होऊं शकतो आणि त्याच्या किंमतीचा तर झालाच आहे. इतकें सारें वजा केल्यावरहि जें शिल्लक राहतें तें थोडें नाहीं : एक स्वच्छ खिडकी, तिच्यांत तरंगणारी एक चौकट, आणि चौकटीच्या बाहेर तसेंच दिसत राहणारें जग. पाहणाऱ्यानें निवड करावी आणि त्या निवडीची जबाबदारी घ्यावी, एवढीच त्या खिडकीची अपेक्षा होती. ज्यांच्याजवळ असा कॅमेरा असेल त्यांनीं तो कपाटांतून काढून वापरावा. ज्यांच्याजवळ नसेल त्यांनीं हातांत असेल त्या साधनानें तीच अपेक्षा स्वतःकडून करावी.